भातापर्यंत पोहोचायचं असेल तर: प्रादेशिक शाकाहारी जेवणाला पहिल्यांदा जाताना

कॉलेजात असताना मामाने मला काळबादेवीतल्या एका गुजराती भोजनालयात नेलं. बसल्या बसल्या ताटात ढोकळा पडला, पाठोपाठ पातरा, मग कचोरी, मग टम्म फुगलेल्या पुऱ्या. मी सकाळपासून उपाशी होतो. ढोकळ्याचे चार तुकडे गेले, कचोऱ्या तीन गेल्या, पुऱ्या किती गेल्या ते मोजलंच नाही. मामा मात्र अर्धी पुरी तोडून बटाट्याच्या रस्स्यात बुडवत निवांत बसला होता. वीसेक मिनिटांनी वाढपी खिचडीचं भांडं घेऊन आला. त्याच्यामागे कढीवाला, कढीवाल्यामागे तुपाची तपेली. मी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. मामा म्हणाला, "अरे, जेवण तर आत्ता आलंय, आणि तू हात धुवायला निघालास?"

त्या दिवसाची खिचडी राहून गेली ती गेलीच. पण तेव्हापासून एक कळलं की कुठल्याही प्रांताच्या ताटाला क्रम असतो, आणि बहुतेक वेळा चांगली गोष्ट शेवटाकडे असते. नवखा माणूस फसतो तो पहिल्या वाढणीलाच. म्हणून ज्यांचं बाहेरचं शाकाहारी जेवण आजवर पनीर बटर मसाला आणि बटर रोटीपुढे गेलेलं नाही, त्यांच्यासाठी हे.

आधी हॉटेल कुठल्या पठडीतलं ते बघा

पाटीवर "प्युअर व्हेज" एवढंच लिहिलेलं असतं, पण आत चार निरनिराळ्या तऱ्हा असतात. पहिली खाणावळ किंवा भोजनालय. तिथे रोजचं एकच ताट, मेनूकार्ड नाही, आज जे शिजलं तेच. दुसरं उडुपी. तिसरं थाळीवालं: गुजराती, राजस्थानी किंवा मराठी, अनलिमिटेड, चार-पाच वाढपी सतत फिरताहेत असं. आणि चौथं आजकाल वाढलेलं. एकाच मेनूकार्डात काश्मीरची नद्रू यखनी, बंगालची लुची, केरळचं अवियल आणि आपलं थालीपीठ.

उडुपीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हा शब्द आपण इतका वापरतो की त्याचा अर्थ झिजून गेलाय. उडुपीच्या श्रीकृष्ण मठात कांदा-लसणाशिवायचा स्वयंपाक चालतो. त्या मुलखातली माणसं पोटासाठी मुंबईला, मद्रासला, बेंगळुरूला गेली आणि सोबत तो स्वयंपाक गेला. बेंगळुरूचं एमटीआर १९२४ चं. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रव्याची इडली आपल्याच स्वयंपाकघरात जन्मली असं तिथली मंडळी सांगतात. माटुंग्याचं कॅफे मद्रास १९४० चं आणि स्टेशनजवळचं रामा नायक यांचं बोर्डिंग १९४२ चं, जिथे केळीच्या पानावर जेवायला लोक जिन्यात रांग लावतात. आता मात्र नाक्यानाक्यावरच्या "उडुपी"त पावभाजी, शेजवान राईस आणि पनीर टिक्का असं सगळं मिळतं. उडुपी हे गावाचं नाव राहिलं नाही, धंद्याचं नाव झालं. त्यामुळे अशा ठिकाणी जाऊन "इथे अस्सल काय?" असं विचारू नका. दाक्षिणात्य भाग मागवा आणि पंजाबी पान उलटून टाका.

चौथ्या प्रकारात, म्हणजे सगळ्या प्रांतांच्या हॉटेलात, माझी एक साधी परीक्षा आहे. त्या प्रांताच्या पानावर पनीर किती ठिकाणी आहे ते मोजायचं. महाराष्ट्राच्या, गुजरातच्या, तमिळनाडूच्या घरगुती जेवणात पनीर नाही. तरी मेनूत "मालवणी पनीर", "चेट्टिनाड पनीर", "पनीर काठियावाडी" दिसलं तर समजायचं की ग्रेव्ही तीच, वरचा मसाला तेवढा बदललाय. हॉटेलच्या स्वयंपाकघरात सकाळीच मोठ्या पातेल्यांतून ग्रेव्ह्या तयार असतात: टोमॅटोची लाल, काजू आणि मगज म्हणजे टरबूज-खरबुजाच्या बिया यांची पांढरी आणि कांद्याची पिवळसर. ऑर्डर आली की दोन पळ्या इकडून, एक पळी तिकडून. यात फसवणूक काही नाही, पंधरा मिनिटांत टेबलावर जेवण यायचं तर दुसरा उपाय नसतो. पण तुम्ही त्यासाठी आलेला नाही. व्हेज कोल्हापुरी हेही असंच हॉटेलात जन्मलेलं अपत्य. कोल्हापुरात कुणाच्या घरी "आज व्हेज कोल्हापुरी केलीय" असं ऐकलंय का?

दिवस आणि वेळ

थाळीला दुपारी जा, आणि साडेबाराच्या आत पोहोचा. साडेअकरा-बाराला पहिली पंगत बसते तेव्हा फुलके तव्यावरून थेट ताटात येतात. अडीचला गेलात तर भाजीचा तळ आणि वाढप्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा दोन्ही दिसतं. जुन्या गुजराती-मारवाडी भोजनालयांपैकी बरीच रविवारी रात्री बंद असतात आणि रविवारी दुपारी फीस्ट असते. दर जास्त, एक गोड जास्त, गर्दी दुप्पट. पहिल्यांदा जाणाऱ्याने मधला वार धरावा. फोन करून आज गोड काय आहे ते विचारलं तर कुणी हसत नाही. नेहमीची गिऱ्हाइकं तेच विचारतात.

हंगाम त्याहून महत्त्वाचा. उंधियू हिवाळ्यातला. कोवळी सुरती पापडी आणि कंद मिळतात तेव्हाचा, संक्रांतीच्या आसपास उत्तम. उंधु म्हणजे उलटं. मडकं उलटं पुरून भोवती विस्तव करायचा, त्यावरून हे नाव पडलं. जूनमध्ये मेनूवर उंधियू दिसला तर सोडून द्या. आमरस-पुरी एप्रिल-मेमधली, सरसों दा साग आणि मक्याची रोटी थंडीतली, उकडीचे मोदक भाद्रपदातले (अलीकडे बारमाही मिळतात, आणि मी बारमाही खातोही). ओणमच्या दिवसांत केरळी सद्या, म्हणजे केळीच्या पानावरचं सणाचं जेवण, अनेक ठिकाणी मिळते, पण आधी नाव नोंदवावं लागतं. याउलट राजस्थानची केर-सांगरी कधीही मागवा. वाळवंटात ओली भाजी मिळत नाही म्हणून खेजडीच्या शेंगा आणि केराची फळं सुकवून ठेवायची, त्याचीच ती भाजी. तिला ऋतू नाही.

बसल्यावर

जुन्या ठिकाणी आधी गल्ल्यावर कुपन घ्यायचं असतं. न घेता जाऊन बसलात तर वाढपी तुम्हाला दिसणारच नाही असा वागतो. टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यावं लागतं. त्यात संकोच नको, नमस्कार-चमत्कारही नको. पहिला प्रश्न येतो, "बिसलेरी की साधं?" साधं फिल्टरचं पाणी मागायला लाजू नका.

मग "पंजाबी की गुजराती?" किंवा "लिमिटेड की अनलिमिटेड?" असं काहीतरी विचारतात. मुंबईच्या उडुपीत "राईस प्लेट" म्हणजे दोन चपात्या किंवा पुऱ्या, दोन भाज्या, आमटी किंवा सांबार, भात, दही, पापड. ठरलेलं प्रमाण. एकट्या माणसाला रोजच्या दुपारी याहून शहाणं जेवण नाही. अनलिमिटेडमध्ये एक ताट दोघांत चालत नाही. लहान मुलांसाठी बहुतेक ठिकाणी अर्ध्या दराचं ताट असतं, पण ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आपल्या मराठी ताटाची मांडणी डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे बाकीची ताटं वाचायला सोपी जातात. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, म्हणजे जे बोटाने चाखायचं ते. उजवीकडे भाज्या, आमटी, म्हणजे जे पोटभर खायचं ते. मध्ये भाताची मूद. डावी बाजू म्हणजे चव, उजवी म्हणजे जेवण. नवखा माणूस हमखास डावी बाजू आधी संपवतो आणि मग तिखटाने पाणी पीत बसतो.

कुठल्या ताटात काय आधी

मराठी जेवण वरण-भाताने सुरू होतं: साधं वरण, वर तूप, वर लिंबू. भूक मोठी असली तरी इथे दोन घास पुरे. मग पोळी किंवा पुरीबरोबर बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, उसळ. मग मसालेभात. गोड मधेमधे, आणि शेवटी मठ्ठा किंवा ताक-भात. पुरणपोळीचा बेत असेल तर कटाची आमटी आधी चाखून ठेवा, कारण पोळीनंतर तिचा तिखटपणा कळत नाही. आणि पुरणपोळी पहिल्यांदा एकच घ्या. दोन संपवणारे लोक माझ्या माहितीत आहेत, पण ते नंतर झोपतात.

"महाराष्ट्रीयन" या एका शब्दाखाली हॉटेलवाले बरंच दडपतात. खानदेशी म्हटलं तर वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, शेवभाजी. विदर्भाचं म्हटलं तर पाटवडी रस्सा आणि गोळाभात. कोकणातलं म्हटलं तर वालाचं बिरडं, काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळी, शेवटी सोलकढी. शेवभाजी आणि सोलकढी एकाच जेवणात मागवण्याचं कारण नाही. एका वेळी एक मुलूख धरा.

गुजरातीत गोड सुरुवातीलाच ताटात येतं आणि जेवणाबरोबरच खायचं असतं. ते शेवटासाठी राखून ठेवलंत तर वाढपी तुम्हाला गोड आवडलं नाही असं समजतो. फरसाण म्हणजे ढोकळा, पातरा, हांडवो यांपैकी जे आलं ते एकेक. वरणात गूळ असतो. तो पहिल्या घासाला खटकतो, चौथ्या घासाला कळतो. फुलके लहान आणि तूप लावलेले, त्यामुळे मोजदाद चुकते. आणि शेवटी खिचडी-कढी किंवा भात-दाळ. इथे जागा ठेवायची, एवढंच माझं सगळं सांगणं. काठियावाडी मात्र वेगळं प्रकरण: बाजरीचा रोटलो, रिंगणांचा ओळो म्हणजे वांग्याचं भरीत, शेव-टामेटां, लसणाची लाल चटणी. गुजराती म्हणजे गोड असा समज असलेल्याला काठियावाडी ताटापुढे बसवून गंमत बघावी.

राजस्थानी ताटात बाटी आली की ती तशीच चावायला जाऊ नका. वाढप्याला सांगा, "चुरून द्या." तो ती हाताने फोडतो, तुपात मुरवतो, मग वर डाळ ओततो. बाजूला चुरमा येतो, तो आलटून-पालटून खायचा: दोन घास तिखट, एक घास गोड. गट्ट्याची भाजी ही बेसनाची, ताकातली. पाण्याची ओढ असलेल्या मुलखात दूध, ताक, तूप आणि डाळीचं पीठ यांच्यावरच स्वयंपाक उभा राहिला, हे त्या ताटात स्पष्ट दिसतं. दोन बाट्या म्हणजे जेवण झालं. तिसरी घेताना विचार करा.

आता केळीचं पान. इथे जरा थांबतो, कारण पहिल्यांदा पानावर बसलेला माणूस लपत नाही.

पानाचं निमुळतं टोक तुमच्या डाव्या हाताला हवं. पानावर पाण्याचे चार थेंब शिंपडून हाताने पुसून घ्यायचं. वरच्या अर्ध्यात चटण्या, लोणची, भाज्या येतात, खालच्या अर्ध्यात भात. आणि मग सांबारवाला येतो. त्याच्या हातात बादली, बादलीत पळी, आणि तो थांबत नाही. भाताला आधीच आळं केलेलं असेल तर सांबार आळ्यात राहतं. नसेल तर ते थेट तुमच्या मांडीकडे निघतं. आमटीसाठी भाताला आळं करायला आपल्याला आजीने शिकवलेलं असतंच, तेच इथे करायचं. फक्त भिंत जाड ठेवायची, कारण रसम आमटीपेक्षा पातळ असतं. रसमसाठी आळं खोल, भात कमी, हात चपळ. माझ्या शेजारी एकदा एक आजोबा बसले होते. त्यांनी रसमचा एक थेंब पानाबाहेर जाऊ दिला नाही, आणि शेवटचं रसम ओंजळीत मागून सरळ पिऊन टाकलं. मी माझ्या शर्टाच्या बाहीकडे बघत होतो.

क्रम असा: तमिळ जेवणात सांबार-भात, मग रसम-भात, मग दही किंवा ताक-भात. कर्नाटकात उलटं. आधी सारु म्हणजे त्यांचं रसम, मग हुळी म्हणजे भाज्यांचं सांबार. आंध्रात पहिला भात पोडी म्हणजे कोरडी चटणी आणि तुपाबरोबर किंवा पप्पू म्हणजे घट्ट डाळीबरोबर, आणि गोंगुराची म्हणजे अंबाडीची चटणी नखभर घ्या, ती आंबट आणि तिखट दोन्ही आहे. केरळी सद्येत परिप्पू म्हणजे साधी डाळ, तूप आणि चुरलेला पापड पहिल्या भातावर, मग सांबार. अवियल, ओलन, तोरन, काळन, इंजीपुळी असं सगळं वरच्या ओळीत असतं. पायसम आलं की जेवण संपलं असं समजून उठू नका, ताकाचा भात अजून यायचा असतो. म्हणजे एकूण भाताच्या तीन-चार फेऱ्या. पहिली फेरी मुठीएवढी घ्या. वाढपी डोंगर घालायला बघतो. त्याला हाताने अडवा.

जेवण झाल्यावर पान वरून आपल्याकडे मिटायचं. उलट, आपल्यापासून दूर मिटलं तर ते अशुभ प्रसंगीचं मानतात.

बंगाली शाकाहारी ताट कडूपासून सुरू होतं. शुक्तो म्हणजे कारलं घातलेली मिश्र भाजी आधी, मग डाळ आणि तळलेलं काही, मग धोकार डालना म्हणजे डाळीच्या वड्यांचा रस्सा किंवा आलू पोस्तो, मग गोडसर टोमॅटोची चटणी पापडाबरोबर, आणि मग मिष्टी दोई. शुक्तो शेवटी खाऊन "हे काय कडू" म्हणणारे मी पाहिलेत. पोस्तो म्हणजे खसखस. पंजाबीबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटतं. एवढंच करा की एकदा पनीर सोडून राजमा-चावल किंवा कढी-पकोडा मागवा. काश्मिरी पानावर नद्रू म्हणजे कमळाचा देठ दिसला तर जरूर घ्या. यखनी म्हणजे दह्यातला, बडीशेप-सुंठेच्या वासाचा रस्सा. तो भातावरच घ्या, रोटीबरोबर नको.

नको म्हणण्याची कला

आग्रह हा थाळीवाल्यांचा धर्म आहे. वाढपी उभ्या उभ्या विचारतो आणि तुम्ही मान वर करेपर्यंत वाढून पुढे गेलेला असतो. "थोडंसं" हा शब्द वापरू नका, त्याचा अर्थ "घाला" असा घेतला जातो. तोंडाने नको आणि हात मांडीवर, हेही चालत नाही. तळहात वाटीवर आडवा ठेवायचा, तोही वाढपी दोन पावलं लांब असतानाच. अर्धं हवं तर "अर्धी" म्हणून दोन बोटांनी दाखवायचं. मोठ्या थाळीवाल्यांकडे वाढपी आपसात बोटांच्या खुणांनी बोलतात. तुमच्या टेबलावर फुलका संपलाय हे कप्तान लांबून एका बोटाने सांगतो. एकदा ते कळलं की तुम्हीही बोट वर करून फुलका मागवू शकता. हाक मारायची झाली तर "काका", "दादा" चालतं. चुटकी वाजवू नका.

पहिल्या फेरीला सगळ्या गोष्टी एकेक चमचा घ्या आणि दुसऱ्या फेरीत आवडलेल्या दोनच घ्या, ही माझी पद्धत. वाट्या भरलेल्या दिसल्या की वाढपी फिरकत नाही, म्हणून जे नको ते पहिल्या घासानंतर लगेच संपवून टाका किंवा वाटीच परत द्या. ताटात टाकलेल्या अन्नाचे पैसे लावू अशी पाटी काही ठिकाणी असते. पाटी असो-नसो, भरलेलं ताट सोडून उठणाऱ्याकडे आजूबाजूचे लोक बघतातच.

मागवताना वाढप्याला काय विचारायचं याचंही तंत्र आहे. "स्पेशल काय आहे?" विचारलंत तर महागातलं पनीर पुढे येतं. "आज ताजं काय केलंय?" विचारा. गुजराती-मारवाडी ठिकाणी आचाऱ्याला महाराज म्हणतात. "महाराज कुठले?" एवढं विचारलं की बरंच कळतं. महाराज जोधपूरकडचे निघाले तर मेनूकार्ड मिटवा आणि गट्टे मागवा.

शाकाहारी म्हणजे सगळ्यांना चालणारं नव्हे

हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका शाकाहाराचा, तपकिरी चौकोनातला त्रिकोण मांसाहाराचा. आपल्याकडच्या नियमात अंडं मांसाहारात मोडतं, दूध शाकाहारात. म्हणजे दूधदुभतं न खाणाऱ्याला हिरवा ठिपका पुरेसा नाही. गुजराती आणि राजस्थानी ताटात तूप जवळजवळ सगळ्यात असतं, फुलक्यावर तर असतंच. त्यांनी "कोरा फुलका" सांगावा आणि दाक्षिणात्य पानाकडे वळावं. तिथे नारळ आणि तेल आहे, तूप वरून वाढतात, ते टाळता येतं.

शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर मराठी आणि गुजराती जेवणात फार जपून. कूट कोशिंबिरीत असतं, भरल्या वांग्यात असतं, अळूत दाणे असतात, गुजराती डाळीतही असतात, आणि साबुदाण्याची खिचडी तर त्यावरच उभी. वाढप्याला "दाणे आहेत का?" विचारू नका, "कूट घातलंय का, आणि तेल कुठलं?" असं विचारा. गव्हाचा त्रास असलेल्यांना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: बाजारातल्या बऱ्याच बांधणी हिंगात मैदा किंवा कणीक असते. म्हणजे नुसता भात-आमटी घेतली तरी फोडणीतून गहू पोटात जाऊ शकतो.

जैन म्हटलं की कांदा-लसूण नाही, बटाटा-गाजर-मुळा-बीट असं जमिनीखालचं काहीही नाही. पाहुणे जैन असतील तर सूर्यास्ताआधीची वेळ ठरवा, कारण चौविहार पाळणारे त्यानंतर जेवत नाहीत. भेंडी किंवा केळ्याची भाजी बहुधा मिळते. "कांदा-लसूण नको" आणि "जैन" या दोन वेगळ्या ऑर्डरी आहेत. पहिली सांगून दुसरी अपेक्षित धरू नका. उपवासाचं हवं असेल तर "फराळी" या शब्दाने विचारा, आणि हेही ध्यानात ठेवा की गुजराती फराळीत चालणारं सगळं मराठी उपवासाला चालतंच असं नाही. तेल कुठलं आणि कढई वेगळी का, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

बिल

बिलावर तीन ओळी बघा. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के, अडीच अधिक अडीच असा फोडून लिहिलेला. छोटी भोजनालयं कधीकधी कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या कर-पद्धतीत असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही आणि तसं बिलावर लिहावं लागतं. तिथे कर लावलेला दिसला तर विचारा.

सेवाशुल्क म्हणजे सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हॉटेलाने तो आपोआप बिलात घालू नये, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. लावलेला असेल तर शांतपणे "हा काढून द्या" म्हणा. एका ठिकाणी मॅनेजरने मला "सिस्टीममधूनच येतो साहेब" सांगितलं होतं. मी "मग सिस्टीममधूनच काढा" म्हटलं आणि दोन मिनिटांत दुसरं बिल आलं. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. टिप द्यायची तर ज्याने वाढलं त्याच्या हातात द्या, बिलाच्या पाकिटात नको.

निघताना गल्ल्यापाशी बडीशेप आणि मुखवास असतो. एक चमचा घ्या, मूठ नको. अनलिमिटेडमधलं उरलेलं बांधून देत नाहीत, मागूही नका. फरसाण आणि गोड वेगळं विकत मिळतं, ते घ्या. घरी न्यायला पुरणपोळी घेतलीत तर डबा उघडा ठेवायला सांगा, गरम बंद केली की वाफेने चिवट होते. आणि त्या दिवशी दुपारी तीनची मीटिंग ठेवू नका. ठेवावीच लागली तर कॅमेरा बंद चालेल अशी ठेवा.